जिताडा निवळेपर्यंत

पौषात तलावाचं पाणी गार पडलं आणि जिताड्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले.

पहिला चट्टा दिसला तुळसाला. ती सकाळी बांधावरून उघाडीची फळी बघायला गेली होती. भरतीचं पाणी तलावात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं ते या उघाडीच्या दारातून. फळी जागेवर होती. पण फळीच्या आतल्या अंगाला, गुडघाभर पाण्यात, हातभर लांबीचा जिताडा काठाला टेकून थांबला होता. जिताडा असा थांबत नाही. माणसाची सावली पडली की पाणी फाडून जातो. हा गेला नाही. पाठीवर चार बोटं जागेतली खवलं उडाली होती आणि आतलं मांस सुजलेल्या हिरडीसारखं दिसत होतं.

"अगो बाय," ती म्हणाली. वाकून तिनं पाण्यात हात घातला. पाणी हाताला चावलं.

ठाकुर्लीच्या पल्याड, खाडीच्या अंगाला हा दीड एकराचा तलाव. एका बाजूला तिवरं आणि खाडी, उरलेल्या बाजूंना इमारती, इतक्या उंच की दुपारी चारलाच पाण्यावर सावली यायची. तुळसाचा सासरा सखाराम इथं भात लावायचा. एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं ते वर्षभर निघालं नाही. भात मेलं. पण त्या पाण्याबरोबर अंगठ्याएवढे जिताडे आत आले होते, ते त्याच चिखलात हातभर वाढले. सखारामनं बांध पुन्हा घातला तो माशांसाठी. आणि घराला एक नेम घालून दिला. या पाण्यात खाडी आणील तेवढंच राहील, माणसानं वरून काही टाकायचं नाही. खत नाही, पेंड नाही, औषध नाही. त्याच्या मुलानं, महिपतनं, तो नेम चाळीस वर्षं पाळला.

महिपत दिवाळीपासून खाटेवर होता. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला नेऊन चार-चार तास मशीनवर रक्त धुवायचं, आणि घरी प्यायला दिवसाला दोन पेले पाणी. त्यातच चहा, त्यातच आमटी. उभा जन्म कमरेएवढ्या पाण्यात काढलेला माणूस आता बर्फाचा खडा गालात धरून पडायचा. खडा विरघळला की डोळे मिटून घ्यायचा.

चट्ट्यांचं तुळसानं त्याला सांगितलं नाही. मुलाला सांगितलं. मितेश वागळे इस्टेटला एका कारखान्यात लेथवर होता. पाळी सुटल्यावर तो बांधावर आला, मोबाईलवर माशाचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या पावडरीच्या चार पिशव्या घेऊन आला. कोळंबीवाल्यांना खाद्य-औषध विकणारा रत्नदीप म्हणून त्याच्या ओळखीचा होता, त्यानं दिल्या होत्या.

"दहा दिवसांचा कोर्स आहे," मितेश म्हणाला. "मग एकवीस दिवस थांबायचं, मासा काढायचा नाही. संपला विषय."

"तुज्या बापासला कलला तर?"

"कोण सांगणार? जिताडा जाऊन सांगणार?"

"नेम हाय रं घरचा."

"आई, नेम धरून बसलो तर महिन्यात सगळा तलाव उलटा तरंगेल. मग बाबाला काय दाखवणार आहेस?"

तुळसानं पिशव्या पदराखाली घेतल्या.

अडचण वेगळीच निघाली. जिताडा मेलेलं खात नाही, पेंडीला तोंड लावत नाही. त्याला हलतं, पळतं भक्ष्य लागतं. तलावात चिलापी होती, तळहाताएवढी, हजारोंनी. जिताडे तिच्यावरच जगायचे. मितेशनं डोकं चालवलं. कोंड्यात तेल आणि पावडर कालवून गोळे केले आणि चिलापीला टाकले. चिलापी कशालाही धावते. दहा दिवस तुळसानं सकाळी गोळे टाकले, बोटं पिवळी व्हायची ती राखेनं घासून मगच महिपतच्या खाटेपाशी जायची. चिलापी औषध खायची, जिताडा चिलापी खायचा. पंधरवड्यात चट्ट्यांवर पातळ नवी कातडी आली. सात जिताडे मेले होते ते मितेशनं तिवरांच्या मुळाशी पुरले.

"बघ," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की तुळसानंही मान डोलावली.

*

संक्रांत झाली आणि महिपतनं मागितलं.

"तुलसे, पुसाचा जितारा चरबी धरतो गो. एक धरून आन."

"आनू. थंडी जरा उतरू दे."

"थंडी उतरली का चरबी उतरते. येरी हायस का?" तो हसला. ओठ फाटलेले होते, हसताना त्यानं ते बोटानं धरले. "मशीनवर बाजूला डोंबिवलीचा मास्तर असते. बोलते, पुढं तोंडाची चवच जाते, लोखंड चाटल्यावानी लागते समदा. हाय तवर खातंय. आपल्या पान्यातला."

"डाक्टर?"

"इचारला. महिन्यातून एखादी तुकडी चालते बोलला."

तुळसानं मनात मोजलं. कोर्स थांबवून बारा दिवस झाले होते, नऊ राहिले होते. नऊ दिवस काय, असे निघतील. ती म्हणाली, "आठवडाभरात आनतंय."

त्या नऊपैकी चौथ्या दिवशी सुनेनं पिशवी बघितली. कृतिका डोंबिवलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. सकाळी चहा टाकताना तिनं सुकटीसाठी फळीवर हात घातला. आतून चंदेरी, बाहेरून निळी, जाड पिशवी. दमट लागू नये म्हणून तुळसानं रिकामी झालेली पिशवी धुऊन त्यात सुकट भरली होती.

"आई, ही कुठली?"

"तलावाची. दवा व्हती त्यात. धुतली दोनदा."

कृतिका खिडकीशी गेली. बारीक अक्षरं वाचून तिनं गॅस बंद केला आणि आतून महिपतची फाइल आणली. पहिल्याच पानावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात एका औषधाचं नाव लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा. पुराच्या साली गल्लीत लेप्टोच्या गोळ्या वाटल्या होत्या. महिपतनं दोन घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी ओठांची साल निघाली, अंगावर भाजल्यासारखे फोड आले, सतरा दिवस तो इस्पितळात केळीच्या पानावर निजवल्यासारखा उघडा पडून होता.

"तेच आहे," कृतिका म्हणाली. "म्हणजे तेच नाही, पण एकाच घरातलं. सख्खे भाऊ समजा."

तुळसा खाली बसली. "मासा खाल्ला तर त्यांना परत तसा व्हईल?"

"मला नाही माहीत, आई. माशात किती उरलंय तेही माहीत नाही. पण किडनी चालत नाही त्यांची, आत गेलेलं बाहेर कुठून जाणार? मी तरी देऊ देणार नाही."

तुळसानं सुकट उकिरड्यावर नेऊन ओतली. मांजर आलं, त्याला तिनं दगड मारला. आयुष्यात कधी मांजराला दगड मारला नव्हता.

*

मग खोटं सुरू झालं.

पहिल्यांदा ती म्हणाली, मितेशला सुट्टी नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, पाग फाटलाय. पाग म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं, महिपतनं स्वतः विणलेलं. त्यानं ते खाटेवर मागवलं. सुई-दोरा घेऊन बसला. डाव्या हातात मशीनची सुई टोचायची जागा होती, तिथली शीर सुजून दोरखंडासारखी झाली होती, हात लावला की मांजर गुरगुरावं तशी थरथरायची. त्या हातावर जाळं घेऊन त्यानं इंच इंच चाचपलं. फाटलेलं काही सापडलं नाही. त्यानं पाग परत दिला.

रविवारी मितेशला तलावावर जावंच लागलं. महिपतनं खाटेवरूनच शिकवलं. "उघाडीच्या उगवतीला उभा रव. पानी चढाला लागलं का जितारा तोंड उघाडीकडं करते. सावली मागं पडली पायजे. दातात दोरी धर, खांद्यावर अर्धा घे, आन फेकताना कंबर फिरव, हात नुको."

मितेश तलावावर गेला आणि बांधावर मोबाईल बघत बसला. तासाभरानं पाग पाण्यात बुडवून ओला केला आणि घरी आला.

"नाही आला, बाबा."

"एक पन नाय?"

"नाही."

"चिलापी?"

मितेश पागाची दोरी गुंडाळायला लागला. पाग टाकला आणि चिलापी आली नाही, असं त्या तलावात होऊच शकत नव्हतं. महिपतनं ओल्या जाळ्याचा वास घेतला. शिशाच्या गोळ्यांना चिखल नव्हता.

"बायको मोबाईलवर गिऱ्हाइकाला गोली देते, तू मोबाईलवर मासं धरतंस काय रं?" तो म्हणाला. मितेशचे कान लाल झाले. चौतीस वर्षांचा माणूस, दोन पोरींचा बाप, ओला पाग घेऊन दारात उभा.

त्याच आठवड्यात बिल्डरची माणसं शेजारच्या प्लॉटची मापं घ्यायला आली. त्यांचा तिपाईवरचा कॅमेरा रिक्षातून येताना महिपतला दिसला, बांधाच्या टोकाला. मशीनवरून तो नेहमीच राखेच्या रंगाचा होऊन यायचा. त्या दिवशी घरात आला, खाटेवर टेकला, आणि शांतपणे म्हणाला,

"कवा इकला?"

"काय?" तुळसा पाय पुसत होती त्याचे.

"तलाव. मी मरन्याची वाट तरी बघाची व्हती. सही कोनाची घेतली? आंगठा माजा झोपेत लावलाव?"

"काय बोलताव तुमी—"

"मंग मासा का नाय येत?" तो ओरडला. ओरडायला अंगात काही नव्हतं, नुसती हवा निघाली. "बापासच्या पान्यातला येक मासा मागतंय मी! चोरी करतंय का?"

तुळसाच्या हातात त्याची टाच होती. सुजलेली, बोट दाबलं की खड्डा राहायचा. ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली. तो भरायला वेळ लागला, तेवढ्यात तिनं सगळं सांगितलं. चट्टे, पिशव्या, कोंड्याचे गोळे, लाल शाई.

मितेश आतल्या दारात उभा होता. त्याला वाटलं बाप थुंकेल. महिपत थुंकला नाही. छताकडे बघत होता.

"मना इचारला असता तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, बाबा."

"नाय बोललू असतू. धा-वीस मेलं असतं. बाकीचं आपसूक निभावलं असतं." मग तो म्हणाला, "किती दिस झालं थांबवून?"

"तेवीस. रत्नदीप एकवीस बोललेला. म्हणजे तसं झालंय आता, पण कृतिका..."

"चिलापीला चारलाव ना?"

"हो."

"ती चिलापी कुठं गेली?"

"कुठं म्हणजे? तलावातच आहे."

"मंग यो तेवीस दिस जितारा काय खातंय रं?"

बाहेर इमारतीच्या कामावरच्या पाट्यांचा आवाज येत होता. मितेश उंबऱ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

*

कृतिकानं कुठून कुठून नंबर मिळवला. मासळीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या उत्तरा मॅडम. फोन खाटेवर ठेवला, आवाज मोठा केला.

"काका बरोबर बोलतायत," पलीकडून उत्तरा म्हणाल्या. "गोळे थांबवले त्या दिवसापासून मोजून उपयोग नाही. चिलापीच्या अंगात औषध आहे तोवर जिताड्याला ते रोज थोडं थोडं मिळतच राहणार. तलावात कधी संपेल, मी सांगू शकत नाही."

"आन जितारा येगला ठेवला तर?" महिपतनं विचारलं.

"तर मोजता येईल. औषध आतड्यातून रक्तात जातं, मग काळजात, किडनीत, मग मांसात. मांसातून त्यातल्या त्यात लवकर उतरतं. कातडीत जास्त दिवस. आणि काट्यात, खवल्यात ते चुन्याला धरून बसतं, तिथून फार सावकाश सुटतं. पाणी गार असेल तर सगळंच सावकाश. पन्नास दिवस धरा. मग एक मासा मला पाठवा, मी तपासते."

"शिजवल्यावर जात नाही?" कृतिकानं विचारलं.

"थोडं कमी होतं. त्यावर भरवसा ठेवू नका."

महिपत फोनकडे वाकला. "बाय, माज्या अंगातला मशीन कारते. त्याच्या अंगातला कोन कारते?"

"त्याचं त्यालाच काढावं लागतं, काका. त्याची किडनी, त्याचं काळीज, त्याचे कल्ले."

"म्हंजे त्याची चालू हाय. बरा हाय त्याचा."



"मॅडम, बाजारातला आणला तर?" मितेशनं मागून विचारलं.

"त्यानं काय खाल्लंय ते मला काय माहीत? तुम्हाला तुमच्या माशाचं निदान माहीत तरी आहे."

फोन बंद झाल्यावर महिपत म्हणाला, "पन्नास." मग बोटांवर काही मोजलं. दोन आठवड्यांपासून तो मशीनला जायचं नाही म्हणून भांडत होता, रिक्षात बसताना शिव्या द्यायचा, एकदा सुई टोचायच्या आधी उठून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा उठली तर तो सदरा घालून, काठी घेऊन खाटेच्या कडेवर बसला होता.

"रिक्षा बोलव गो. पन्नास दिस काराचे हायत."

*

बांधाच्या खोपीशेजारी सिमेंटची जुनी कोठी होती, जाळी भिजवायची. मितेशनं ती घासून काढली. त्या रविवारी त्यानं उघाडीच्या उगवतीला उभं राहून, दातात दोरी धरून, कंबर फिरवून पाग फेकला. अकराव्या फेकीला दोन जिताडे आले. घरी येऊन त्यानं बापाला सांगितलं, "अकराव्याला." महिपत म्हणाला, "कंबर उशिरा फिरते तुजी." पोराशी बोललेलं आठवड्यातलं पहिलं वाक्य होतं ते.

मग तुळसाचे दिवस सुरू झाले.

कोठीतल्या जिताड्यांना रोज जिवंत खाणं लागायचं, आणि ते तलावातलं चालणार नव्हतं. ओहोटी लागली की ती खाडीत उतरायची. गुडघ्याच्या वर चिखल, हातात लहान जाळी, कमरेला डबा. करंदी म्हणजे बोटाच्या पेराएवढी कोळंबी, पाण्यासारखीच दिसणारी. ती जाळीत उडाली की कळायचं आहे म्हणून. मूठभर मिळवायला दोन तास जायचे. चिखलात कालवांचे कपचे होते, त्यांनी तळवे चिरायचे. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, तशी तुळसा सरकायची. आज सकाळी सातला, चार दिवसांनी दहाला, मग भर उन्हात. कोठीचं पाणी बदलायचं ते भरतीच्या ऐन माथ्याला, जेव्हा समुद्राकडचं पाणी वर चढून येतं. कारखान्यांचं काळं पाणी त्या वेळी मागे रेटलं जातं, हे महिपतनंच तिला कधीतरी शिकवलं होतं. बारा बादल्या भरायच्या, बारा ओतायच्या.

चिखलात वाकलेली असताना तिच्या तोंडात ओवी यायची. आईनं शिकवलेल्या चालीवर तिचे स्वतःचेच शब्द बसत.

*खाडीच्या गं पान्याला, चढ येते दोनदा,*
*माज्या रायाच्या अंगाला, कशी येईना एकदा.*

ओवी झाली की ती नाक पुसायची. हात चिखलाचे, म्हणून दंडानं.

घरी आली की महिपत विचारायचा, "काय खाल्ला त्यांनी?"

"करंदी."

"किती?"

"मोठ्यानं इसेक. धाकल्याला मोठा खाऊ देत नाय."

"मोठा आपल्या घरचाच. पान्याचा रंग?"

"बरा."

"माजा बी आज बरा व्हता. मशीनवाली बोलली, काका, रगत भारी निघला." आणि तो बर्फाचा खडा मागायचा. तुळसा देताना खडा जरा मोठा द्यायची. तो लक्षात आल्याचं दाखवायचा नाही.

माघ असाच गेला. महिपतची मांडी मनगटाएवढी झाली. अंगाला खाज सुटायची, ती नखांनी रक्त येईस्तोवर. तुळसा खोबरेल चोळायची आणि दिवस सांगायची. आज अठ्ठावीस. आज तेहतीस. मितेश कामावरून आला की बापाच्या पायाशी बसून पाय चेपायचा. एकदा महिपत पाय न हलवता म्हणाला, "लेथवर बोट जपून रं," आणि मितेश उठून बाहेर गेला, नळ सोडून तोंड धूत राहिला.

पन्नासाव्या दिवशी धाकटा जिताडा बर्फात घालून मितेश प्रयोगशाळेत देऊन आला. सहाव्या दिवशी उत्तरांचा फोन आला.

"मांसात नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे आमच्या यंत्राला सापडेल एवढं नाही. पण कातडीत आहे. काट्यात चांगलंच आहे. डोकं तर सगळं हाडच. काकांना द्यायचं तर नुसतं मांस, कातडी सोलून, एकही काटा न ठेवता. डोकं नाही, काळीज नाही, रस्सा हाडांचा नाही. तोही थोडाच, आणि डॉक्टरांना विचारून. अजून महिनाभर थांबलात तर जास्त बरं."

कृतिकानं फोन ठेवला. तिला कालच मशीनवरच्या डॉक्टरांनी बाजूला घेतलं होतं. चार तासांपैकी दोन तासांतच महिपतचा दाब खाली गेला, मशीन बंद करावं लागलं. हृदय थकलंय, असं ते म्हणाले होते. थोडं मांस द्यायला त्यांनी हो म्हटलं होतं, पण महिन्याचं काही बोलले नव्हते.

ती स्वयंपाकघरात आली. "आई, उद्याच करूया."

*

मोठा जिताडा सव्वा किलोचा भरला. तुळसानं विळीवर घेतला तेव्हा त्याच्या पाठीवर जुन्या चट्ट्याची जागा हाताला लागली, गुळगुळीत, जन्मखुणेसारखी.

चाळीस वर्षं तिनं जिताडा कापला होता. खवलं काढायची, आतडं काढायचं, कातडीसकट आडव्या तुकड्या, आणि डोकं सबंध. डोक्याचं कालवण वेगळ्या टोपात. आज तिनं कातडी ओढून काढली. कातडीखालची पिवळी चरबी तिच्यासोबत गेली. मधला काटा सोडवला. मग मांस परातीत घेऊन बोटांच्या टोकांनी चाचपत बसली. एक काटा, दुसरा, केसाएवढा तिसरा. कृतिका शेजारी चिमटा घेऊन बसली. दोघींनी तासभर तेच केलं. शेवटी परातीत पांढरी, बिनओळखीची ओंजळभर चुरी राहिली. हा जिताडा होता हे सांगायला तिच्यात काहीच नव्हतं.

डोकं, कातडी, काटे आणि काळीज तिनं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं, कुदळ घेतली आणि परसात शेवग्याखाली पुरून आली.

मांसाला चिमूटभर हळद, थोडी मिरची, कोकमाचं एक फूल, मिठाचे दोन खडे. तांदळाची भाकरी. दुपारचा एक वाजला होता. मितेशनं सुट्टी घेतली होती. त्यानं बापाला उशीला टेकवून बसवलं, तुळसानं ताट मांडीवर ठेवलं.

महिपत ताटाकडे बघत राहिला.

त्यांच्या घरात जिताड्याचं डोकं कर्त्या माणसाच्या ताटात जायचं. सखाराम होता तोवर त्याच्या. सखाराम गेला, बाराव्याला जिताडा आणला, आणि चार भावकीच्या माणसांसमोर तुळसानं डोकं महिपतच्या ताटात वाढलं, तेव्हापासून त्याच्या. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. ताट बघितलं की घर कोणाचं ते कळायचं.

त्यानं मान वळवून मितेशकडे बघितलं. मितेशच्या हातात ताट नव्हतं.

"डोकं?" त्यानं विचारलं.

"कोनाला नाय दिला," तुळसा घाईनं म्हणाली. "दवा हाय त्यात. काट्यात राहते ती. पुरला मी."

"पुरलास."

"हाव."

त्याचा चेहरा कशासारखा झाला ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. रागावला नव्हता तो. बाजारात हात सुटलेलं पोर उभं राहतं तसा, एवढंच ती म्हणायची.

मग त्यानं हात पुढे केला. घास जुळेना. तुळसानं जुळवून दिला. त्यानं तो तोंडात धरला, बर्फाचा खडा धरायचा तसा, गालात. खूप वेळानं गिळला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

"मऊ हाय," तो म्हणाला.

दुसरा घास घेतला. तिसऱ्याला त्यानं मान हलवली. ताट मितेशकडे सरकवलं. "तू खा."

"बाबा, तुमच्यासाठी—"

"खा रं. पन्नास दिस आयस चिखलात व्हती. टाकाचा नाय." आणि मितेश खाली बसून खायला लागला. रडत होता आणि खात होता, एकेक चुरा वेचून. महिपत त्याच्याकडे बघत म्हणाला, "पुढच्या साली उघाडी मोठी उघड. पुनवेच्या भरतीला. समदी चिलापी जाऊ दे खाडीत. नवा पानी घे. मंग दोन साल थांब."

"थांबतो."

"आन पाग फेकताना कंबर."

"हो बाबा."

तो उशीवर मागे कलला. डोळे मिटलेले. तुळसाला वाटलं झोपला. तिनं त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं.

"तुलसे," डोळे न उघडता तो म्हणाला. "किती खोल पुरलास?"

"हातभर."

"कुत्री उकरतील. हातभर आनखी खन. कुत्र्याच्या अंगात कशाला आपली दवा."

"खनतंय मी. उद्या सकाली."

"आता जा गो."

ती उठली. परसात ऊन तळपत होतं. फाल्गुनाचं ऊन, शेवग्याचा सगळा फुलोरा खाली पडलेला. तिनं माती उकरली, फडक्याची गाठोडी बाहेर काढून बाजूला ठेवली, आणि खणायला लागली. वरची माती भुसभुशीत होती, खाली खारट चिकणमाती लागली, जुन्या भातशेताची, निळसर काळी. कुदळ त्यात रुतून बसायची, हलवून काढावी लागायची. तळव्याच्या चिरा उघडल्या. तिनं हात खड्ड्यात घालून मापलं. कोपरापर्यंत. अजून खणलं. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा थांबली, गाठोडी तळाशी ठेवली, माती लोटली, पायांनी दाबली, वर दोन दगड ठेवले.

आतून कृतिकाचा आवाज आला, "बाबा," असा. मग पुन्हा, मोठ्यानं. मग मितेशचा.

तुळसा दारात आली. मितेश खाटेजवळ उभा होता, खरकटा हात तसाच वर धरलेला. कृतिका महिपतचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन बसली होती, जिथं शीर गुरगुरायची तिथं अंगठा दाबून. तिनं सासूकडे बघितलं आणि मान हलवली.

तुळसा खाटेपाशी गेली. कोपराच्या वरपर्यंत हात काळे होते, ते तिनं पदराला पुसले नाहीत. वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"केला खोल," ती म्हणाली. "ऐकलाव का? खांद्यापोत हात जातंय. दगड पन ठेवलंत वर."

मितेशनं तिच्या खांद्याला धरलं. तिनं तो हात बाजूला केला आणि पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, कारण हल्ली त्याला कमी ऐकू यायचं.